503 प्रतींची खतावणी

मी इचलकरंजीच्या एका नागरी सहकारी बँकेत 27 वर्षं नोकरी करते आहे. त्यातली 11 वर्षं कॅश काउंटरवर गेली. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा तिथला धर्म. एकदा दहा रुपये जास्त आले होते. कमी नव्हे, जास्त. तरी रात्री सव्वाआठपर्यंत आम्ही तिघं व्हाउचरं चाळत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण मी दुसरं पुस्तक स्वतः का काढलं याचं कारण लोक साहित्यात शोधतात. ते कॅश काउंटरवर सापडेल.

पहिला कथासंग्रह 2014 साली पुण्याच्या एका प्रकाशनानं काढला. करारबिरार काही नव्हता. "आपण घरचीच माणसं" असं सांगितलं गेलं, आणि आपलं पुस्तक निघतंय या आनंदात मलाही ते खरं वाटलं. मला 25 प्रती मिळाल्या. एकूण किती छापल्या असं विचारलं तेव्हा "हजार" हे उत्तर आलं. दोन वर्षांनी फोन केला तर दुसऱ्याच कुणीतरी "सातशे असतील बघा" म्हटलं. आणखी वर्षानं तिसऱ्यानं सांगितलं, "मॅडम, पाचशेच काढली होती, हजाराचा कागद कुठं होता तेव्हा?" मध्येच एकदा 1,800 रुपयांचा चेक आला. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. पुस्तकाची किंमत 150, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 15 रुपये. म्हणजे 120 प्रती. कुठल्या 120? कुठल्या वर्षातल्या? कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग कोल्हापुरात एका हॉलमध्ये 'कोणतंही पुस्तक 100 रुपये' असं प्रदर्शन लागलं होतं, तिथं मला माझं पुस्तक भेटलं. पाककृती आणि व्यक्तिमत्त्व विकास यांच्या मधल्या ढिगात, चांगल्या सात-आठ प्रती. मी हातात घेऊन बघत होते तर विक्रेता म्हणाला, "घ्या ताई, चांगलं आहे, बायका नेतात." मी तीन घेतल्या. 300 रुपये रोख दिले आणि पावती मागितली. पावती मिळाली नाही.

राग आला असं नाही म्हणणार. पण कॅश जुळत नसताना शटर खाली ओढून घरी गेल्यावर जे वाटेल, तसं काहीतरी आत राहून गेलं.

दुसरं हस्तलिखित लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. यंत्रमागाच्या नऊ कथा. आमच्या घरी आठ माग होते, खर्चीचे. बाहेरच्यांसाठी सांगते: खर्चीवाला म्हणजे ज्याचे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, देतो, खर्चीवाला विणून देतो आणि मजुरी घेतो. कापड व्यापाऱ्याचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावात तीन-चार पिढ्या असं विणत आल्या. आमचे माग 2017 मध्ये भंगाराच्या भावानं गेले. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी सासरे सकाळीच फिरायला निघून गेले ते दुपारी परत आले. त्या दिवसाची कथा पुस्तकात आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

हस्तलिखित तिघा प्रकाशकांना पाठवलं. एकानं पोचही दिली नाही. दुसऱ्यानं चौदा महिन्यांनी कळवलं की विषय मर्यादित वाचकांचा आहे. तिसऱ्याचं पत्र एकोणीस महिन्यांनी आलं आणि ते होकाराचं होतं. घरात पेढे यायच्या आत मी दुसरं पान वाचलं. 'लेखक सहभाग' 90,000 रुपये. छपाई हजार प्रती, पैकी 150 लेखकाला. मानधन दुसऱ्या आवृत्तीपासून.

पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे सूत तुझं, मजुरीपण तूच द्यायची, आणि तागा त्यांचा? खर्चीवाल्याला निदान मजुरी तरी मिळते की गं."

दुसऱ्या दिवशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी एका कोऱ्या स्लिपच्या पाठीवर आकडेमोड केली. निर्णय म्हणतात तो तेवढाच. पैसे मलाच घालायचे असतील तर गठ्ठे माझ्या घरी यावेत. प्रत कुठं गेली हे मला कळलं पाहिजे. विकली, वाया गेली, कुणी ढापली, काहीही असो. पण नोंद हवी.

सासऱ्यांना पटलं नाही. 1974 साली इचलकरंजीत साहित्य संमेलन झालं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते, तेव्हा सासरे तरुण स्वयंसेवक. पाहुण्यांच्या खोल्यांवर पाणी पोचवायचं काम होतं, पण सांगताना संमेलन त्यांनीच भरवल्यासारखं सांगतात. ते म्हणाले, "स्वतःच छापायचं म्हणजे आपल्याच घरचा आहेर आपणच घेतल्यासारखं. लोक म्हणतील, कुणी घेतलं नाही म्हणून काढलं." हे मला लागलं, कारण अर्धं खरं होतं. पण शनिवारी आपटे वाचन मंदिरात जुनी कपाटं धुंडाळली तर पुस्तकामागून पुस्तक 'प्रकाशिका: सौ. अमुक तमुक', आणि पत्ता लेखकाच्या घरचाच. कित्येक लेखकांनी बायकोच्या नावावर पुस्तकं काढली होती आणि कुणाला त्यात कमीपणा वाटलेला दिसत नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत आपलं मासिक पदरमोड करूनच चालवलं. मुंबईत 1976 मध्ये अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून क्लिअरिंग हाउस नावाची प्रकाशनसंस्था काढली आणि आपली पुस्तकं आपणच छापली. हे सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते कोलटकर होते." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

कामाला सुरुवात केली ती डीटीपीपासून, म्हणजे संगणकावर पानं लावण्यापासून. मी सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं होतं आणि त्याचा मला थोडा तोरा होता. डीटीपीवाल्या ताईंचं सगळं काम जुन्या फॉन्टवर. त्यांनी फाइल कन्व्हर्टरमधून काढली आणि पहिलं प्रूफ हातात आलं ते बघून पोटात गोळा आला. जिथं जिथं 'ऱ्य' होता तिथं तिथं मोडतोड. 'दुसऱ्या पाळीत' हे 'दुसर्या पाळीत' झालेलं, कुठं 'दुस-या'. 'ॲ' तर सरसकट गायब, 'ॲडव्हान्स'चा 'डव्हान्स'. माझ्या कथांमध्ये कामगार दर दोन पानांनी ॲडव्हान्स मागतात. ताई थंडपणे म्हणाल्या, "सगळ्यांचंच होतं असं. बसून काढायचं." तीन रविवार आम्ही बसून काढलं.

मुद्रितशोधन मिरजेच्या एका निवृत्त मराठीच्या सरांनी केलं, पानाला 20 रुपये. सर शिस्तीचे. त्यांनी 61 ठिकाणी 'बाबीन' खोडून 'बॉबिन' केलं होतं. मी म्हटलं, सर, आमच्याकडं बाबीनच म्हणतात. ते म्हणाले, "कोशात नाही." मी म्हटलं, "कोशवाल्यांनी कधी कांड्या भरल्या नसतील, सर." फोनवर जरा वेळ शांतता, मग हसले. बाबीन राहिली. पण याच सरांनी सहाव्या कथेत दाखवून दिलं की 140 पानावर जी बाई विधवा आहे तिचा नवरा 151 पानावर डबा घ्यायला येतो. मी ती कथा चार वर्षं वाचत होते, माझ्या दोन मैत्रिणींनी वाचली होती, माझ्या मुलीनं वाचली होती. तो नवरा कुणालाच दिसला नव्हता. स्वतः पुस्तक काढताना खरी उणीव भासते ती इथं. छापखाना पैसे दिले की मिळतो. जो आपला मित्र नाही आणि तरी आपलं वाक्यन्‌वाक्य वाचेल, असा माणूस मिळणं कठीण. मला सर मिळाले ते नशीब. पुढच्या वेळी मी शोधनाचे नाही, संपादनाचे पैसे वेगळे ठेवणार आहे.

सगळं लागलं तेव्हा पानं झाली 243. कोल्हापूरच्या छापखान्यातल्या काकांनी आकडा ऐकला आणि जीभ चावली. "मॅडम, फर्मा, म्हणजे छापायचा एक ताव, 16 पानांचा. पंधरा फर्म्यांची 240. ही वरची तीन पानं तुम्हाला महाग पडणार. एकतर अर्धा फर्मा वाढवा, पाच पानं कोरी जातील, नाहीतर तीन काढा." पाच कोरी पानं पाचशे प्रतींत, म्हणजे अडीच हजार कोरी पानं. माझ्या हातून ते होणं शक्य नव्हतं.

मग डीटीपीच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. ताईंनी पहिल्यांदा सोपे मार्ग काढले. एका कथेच्या शेवटच्या पानावर चारच ओळी होत्या, त्या मागं ढकलल्या. एक पान वाचलं. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश एकाच पानावर घेतले, दुसरं वाचलं. तिसरं मात्र लिखाणातूनच काढावं लागणार होतं. आठव्या कथेत सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, कारखान्याचं दीड पानाचं वर्णन होतं. खळीचा वास, वाफ, ओल्या सुताची चमक; माझं अत्यंत लाडकं. ताई की-बोर्डवर हात ठेवून वाट बघत होत्या. त्यांच्या मागं आणखी दोन गिऱ्हाइकं उभी, एकाच्या हातात लग्नपत्रिकेचा मजकूर. मी म्हटलं, "'वाफेच्या ढगात' पासून खाली सगळं उडवा." त्यांनी सिलेक्ट केलं, सगळं काळं झालं आणि गेलं. कथा आता त्या जागी कशी वाचली जाते ते मी अजून पाहिलेलं नाही. एकानंही तिथं काही कमी आहे असं कळवलेलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचं, फार ऐकून होते, की एजंट लागतो, दोन-तीन हजार जातात. तसं काही नाही. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन, लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी चालतो. शीर्षकपान आणि ओळखीचे कागद अपलोड केले, एकदा त्रुटी निघाली, पुन्हा केले, आकडा आला. तेरा अंकी. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो हे वाचल्यावर मला राहवेना. पहिल्या अंकाला एकानं गुणायचं, दुसऱ्याला तिनानं, पुन्हा एकानं, पुन्हा तिनानं, असं करत सगळ्यांची बेरीज. ती दहानं निःशेष भागली पाहिजे. स्लिपवर केलं. भागली. पुस्तकाच्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच काहीतरी पहिल्या फटक्यात जुळलं.

प्रकाशक म्हणून नाव काय घालायचं हा प्रश्न घरात आठवडाभर चालला. मुलीनं भारी भारी नावं काढली. शेवटी मी साधं माझंच नाव घातलं, खाली गल्लीचा पत्ता. लेखिका मी, प्रकाशिका मी. कव्हर एका ओळखीच्या मुलानं 5,000 रुपयांत केलं. त्यात त्यानं धोटा उलटा काढला होता, तो सुलटा करून घेतला.

15 जून 2025 च्या रविवारी गठ्ठे आले. खाकी कागद, सुतळी, वीस-वीसचे 25 गठ्ठे आणि एक छोटं पुडकं. पाचशे सांगितल्या होत्या, 503 आल्या. काका म्हणाले होते की चार-दोन वरखाली होतं. मी तीनदा मोजल्या. ह्यांनी ज्या खोलीत पूर्वी बीम ठेवत तिथं फळ्या टाकून ठेवल्या होत्या, खाली प्लास्टिक. मोठी उभी वही काढली, पहिल्या पानावर लिहिलं: जमा 503.

पहिल्या चार प्रती कायद्याच्या. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं तीस दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत स्वखर्चानं द्यायची असते. किती जण देतात कोण जाणे. मी दिल्या. माझ्या गल्लीतल्या बायका कोलकात्यात कायमच्या राहायला गेल्या, याचं मला अप्रूप वाटलं.

आणि मग टपाल. 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं होतं: 300 ग्रॅमपर्यंत पुस्तकाला 20 रुपये, वर कर. स्वयंपाकघरातला काटा हॉलमध्ये आला. पुस्तक 276 ग्रॅम. खाकी पाकीट 18. म्हणजे 294, बसलं. पण बबल रॅप गुंडाळला की 306. सहा ग्रॅमसाठी वरचा टप्पा! मुलगी कात्रीनं बबल रॅपची पट्टी कमी करत करत 301 पर्यंत आली. चिकटपट्टी अर्धी केली. 300. पोस्टातल्या काट्यावर तेच पाकीट 302. शेवटी बबल रॅप सोडला आणि कोपऱ्यांना जाड कागदाचे तुकडे लावले. ती युक्ती पहिल्या पावसापर्यंत टिकली. सहा प्रती भिजून, कोपरे मुडपून परत आल्या. त्यांच्या बदली दुसऱ्या पाठवल्या आणि वहीत 'खराब' असा रकाना वाढवला.

दुकानांशी बोलताना मात्र प्रकाशकांविषयीचा माझा कडवटपणा बराच उतरला. 40 टक्के कमिशन, माल उधार, विकला तर पैसे, नाही तर परत. 320 रुपयांच्या पुस्तकामागे माझ्या हातात 192, तेही दोन-तीन महिन्यांनी आणि चार फोन केल्यावर. वितरक मध्ये आला तर आणखी कमी. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं, अ पासून ड वर्गापर्यंत, पण त्यांचं अनुदान येईल तेव्हा खरेदी. एवढ्यावर पगार, गोदामाचं भाडं आणि नव्या पुस्तकाचा कागद कसा निघत असेल, हे गणित मी करून पाहिलं आणि सोडून दिलं. मला पगार बँक देते. बीमची खोली फुकट आहे. मी हे करू शकले त्याचं हेही एक कारण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण उत्पन्न कमी असणं वेगळं आणि किती प्रती छापल्या ते न सांगणं वेगळं. या दुसऱ्याला कागदाचा भाव कारण होत नाही.

प्रकाशन समारंभ केला नाही. हॉल, शाल, श्रीफळ, अध्यक्षांची गाडी, चहा-बिस्किटं, सगळे मिळून पंधरा हजार गेले असते. त्याऐवजी शुक्रवारी संध्याकाळी पिशवीत दहा-दहा प्रती घालून फिरले. शुक्रवार आमच्याकडं पगाराचा. एका कारखान्यातल्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं, उभ्या उभ्या चार पानं वाचली, मग म्हणाला, "हे आमचंच हाय की वो. पण आमचं नाव कुठंय?" मी म्हटलं, नाव घातलं तर तुम्हीच भांडायला याल. त्यानं सात प्रती घेतल्या, पुढच्या शुक्रवारी पैसे देतो म्हणाला. बँकेतल्या मंडळींनी मला वेड्यात काढलं. त्यानं पुढच्या शुक्रवारी बँकेतच येऊन, काउंटरवर, रांगेतून पैसे दिले.

यंदाच्या 31 मार्चला बँकेची वर्षअखेर उरकून रात्री अकराला घरी आले आणि तशीच ही वही उघडली. टपालानं विक्री 171, हातविक्री 96, दुकानांतून विकलेल्या 61, ग्रंथालयं 22. म्हणजे विकल्या 350. दुकानांत पडून 40. भेट आणि अभिप्राय 38, कायद्याच्या 4, खराब 6. खर्च छपाईसह 66,400, टपाल-पाकिटं 6,100. जमा 79,326, दुकानांकडून येणं 4,416. हातात उरले 6,826. सासऱ्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे आहेरात काहीतरी आलं की." त्या नादात त्यांनी पुन्हा संमेलनाची गोष्ट काढली.

वहीप्रमाणे घरात 65 प्रती असायला हव्यात. मी मोजल्या, 64. पुन्हा मोजल्या. ह्यांना उठवून मोजायला लावल्या. फळीच्या मागं, पलंगाखाली, बँकेच्या ड्रॉवरमध्ये, मुलीच्या हॉस्टेलच्या पिशवीत, सगळीकडं बघून झालं. सासरे म्हणतात मी कुणाला दिलेली नाही, पण ते म्हणताना माझ्याकडं बघत नाहीत.

नोंद लागत नाही तोवर ती एक प्रत उचंत खात्यावर टाकली आहे.